काळ्या मातीची वाट आणि चार चाकांची ओढ

कारंजा लाड परिसरात आज दोन टोकांचे रस्ते एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत. पहिला समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा हा मार्ग अखंड सुरू झाला. सहा पदरी, काँक्रीटचा, मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देणारा. कारंज्याला त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. दुसरा रस्ता म्हणजे गावाकडून वावराकडे जाणारी पांदण. दोन्ही बाजूंना बाभळी-बोरीचे कुंपण, मध्ये बंडीच्या चाकोऱ्या आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून त्या चाकोऱ्यांत साचलेले पाणी. सकाळी नागपूरला जाऊन सायंकाळी परतणे आता सहज शक्य झाले आहे. मात्र घरापासून चार किलोमीटरवरच्या शेतातील मोटारपंप दुरुस्तीसाठी बाहेर काढायचा, तर आठवडाभर उघडीप पडण्याची वाट पाहावी लागते.

या दोन्ही रस्त्यांवर चालू शकेल असे एकच वाहन असावे, अशी इच्छा अनेक घरांत बोलून दाखविली जाते. शेती, अडत, कृषिसाहित्याचा व्यापार आणि कुटुंबाचा प्रवास अशा चारही अंगांनी संसार चालविणाऱ्या घरांत ती विशेष दिसते. फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी आणि मागे माल ठेवण्यासाठी उघडा हौदा असणारी गाडी, हे त्या इच्छेचे आजचे रूप होय.

माल वाहून नेण्याचा प्रश्न कारंज्याला नवा नाही. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या सैन्याने वऱ्हाडातील या संपन्न पेठेवर छापा घातला. तेव्हा येथून मिळालेली संपत्ती चार हजार बैल व गाढवांवर लादून नेल्याचे वर्णन इतिहासात येते. आकडा बाजूला ठेवला, तरी जनावरांच्या पाठीवर भरवसा ठेवणारा तो काळ होता, हे त्यातून कळते. पुढे कापसाने वऱ्हाडचे अर्थकारण व्यापले आणि मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारा अरुंद रूळमार्ग आला. लोकांनी ज्या गाडीला प्रेमाने 'शकुंतला' म्हटले, ती याच मार्गावरची. ती आता थांबली आहे. शेतापासून स्थानकापर्यंतचा भार तेव्हाही बंडीच वाहत असे, आणि बंडीची एक खुबी आजच्या चर्चेत विसरली जाते. तिची चाके मोठ्या व्यासाची, अरुंद आणि मोकळी फिरणारी असतात. ओढ चाकांतून येत नाही. ती बैलांच्या खुरांतून येते, आणि खूर चिखलात रुतून खालची घट्ट माती शोधतो. मोटारगाडीत ओढ देणारे आणि भार पेलणारे चाक एकच असते. काळ्या मातीत गाडी फसण्याचे मूळ येथेच आहे.

ही माती समजून घेतल्याशिवाय गाडीची निवड करणे व्यर्थ आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या या भारी जमिनीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. उन्हाळ्यात ती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या काळात कोणतीही साधी गाडी शेताच्या धुऱ्यापर्यंत जाते. पहिला दमदार पाऊस पडला की भेगा मिटतात, वरचा थर लोण्यासारखा होतो आणि चाकाला चिकटू लागतो. टायरवरील खाचा चिखल कापण्यासाठी असतात; ही माती त्या खाचाच भरून टाकते. चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा बनतो. त्यानंतर चालक जितका जोर लावील तितके चाक जागच्या जागी फिरते, खालची माती उकरते आणि गाडीचे पोट जमिनीला टेकते. पोट टेकले की चार काय, आठ चाकांना ओढ असली तरी उपयोग नाही. कोकणातील जांभ्या मातीवर किंवा राजस्थानच्या वाळूत या गाड्यांची जी कौतुके ऐकू येतात, ती वऱ्हाडच्या काळ्या रानात जशीच्या तशी लागू पडत नाहीत, ती यामुळेच.

रिकामी पिकअप ही चिखलात सर्वांत दुबळी असते, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. साध्या पिकअपमध्ये इंजिनाचा भार पुढच्या चाकांवर असतो आणि ओढ मागच्या चाकांना. हौदा रिकामा असला म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर पुरेसे वजनच नसते. ओल्या गवतावरसुद्धा ती घसरतात. हौद्यात खताच्या चार गोण्या टाकून पांदणीत शिरण्याची जुन्या चालकांची सवय अडाणीपणाची नाही, ती भौतिकशास्त्राला धरून आहे. चारही चाकांना ओढ देण्याचा खरा लाभ येथे दिसतो: इंजिनाच्या वजनाखाली दबलेली पुढची चाकेही कामाला लागतात.

तथापि, 'चारही चाकांना' या शब्दांत एक फसगत दडलेली आहे. प्रत्येक आसावर डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी असते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणे हे तिचे काम. ज्या चाकाला विरोध कमी त्याकडे गती निसटू देण्याचा तिचा स्वभाव असल्यामुळे, पुढचे एक आणि मागचे एक चाक गाऱ्यात गेले तर ती दोनच चाके गरगर फिरतात आणि घट्ट जमिनीवरची उरलेली दोन स्वस्थ उभी राहतात. फोर-व्हील गाडी घेऊनही फसलो, अशी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच. मागील आसावर 'डिफरन्शियल लॉक' असेल तर दोन्ही मागची चाके एकजीव फिरतात. काही गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ओढ दुसरीकडे वळविण्याची विद्युत व्यवस्था असते. खरेदीच्या वेळी गाडीच्या पाठीवर कोणती अक्षरे कोरली आहेत यापेक्षा ही सोय आहे की नाही, हे विचारणे अधिक हिताचे.

दुसरी गोष्ट गिअरच्या जोड दांड्याची किंवा आजकालच्या गोल बटणाची. त्यावर तीन खुणा असतात. टू-एच म्हणजे दोन चाकांची ओढ. नित्याच्या रस्त्यावर हीच. फोर-एच म्हणजे चारही चाके, सामान्य गती. ओल्या मुरमाच्या वा चिखलाच्या वाटेसाठी. फोर-एल म्हणजे चारही चाके, अतिशय मंद गती आणि मोठी ओढ; गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये ठेवूनच ती घ्यावयाची. आपल्याकडील बहुतेक पिकअपमध्ये पुढच्या व मागच्या आसांमध्ये तडजोड करणारी तिसरी पेटी नसते. त्यामुळे कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर-एच ठेवून वळण घेतले, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या अंतरातील फरक कुठेच जिरत नाही. सुकाणू जड होते, टायर घासतात, दातेरी चाकांवर पीळ बसतो. चिखलात चाक थोडे घसरून हा पीळ सोडवून घेते; पक्का रस्ता ती सवलत देत नाही. पावसात समृद्धीवर अधिक सुरक्षित वाटावे म्हणून चारही चाके जोडून वेगाने जाणारे चालक सुरक्षितता वाढवीत नाहीत. ओढ चार चाकांची असो वा दोनांची, ब्रेक प्रत्येक गाडीला चारच चाकांवर असतात आणि थांबण्याचे अंतर टायर व वेगच ठरवितात.

आता बाजाराकडे वळावे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली तेव्हापासून फोर-व्हील हा शब्द ग्रामीण महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. परंतु घरगुती वापराची पिकअप ही कल्पना अलीकडची. महिंद्रांची स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटांची झेनॉन या गाड्यांनी ती आणून पाहिली. दोन्ही आज नव्याने मिळत नाहीत. २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस साडेबारा लाखांच्या आसपास किमतीला आली आणि मोटारीसारखे बसणे व ट्रकसारखा सांगाडा यांचे मिश्रण लोकांना आवडले. टोयोटाच्या हायलक्सची किंमत मार्च २०२२ मध्ये जाहीर झाली ती ३३.९९ लाखांपासून. तिचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन २०४ अश्वशक्तीचे आहे. या एका टोकाला अशा गाड्या, तर दुसऱ्या टोकाला महिंद्रांची बोलेरो कॅम्पर आणि टाटांची योद्धा. या दोहोंच्याही फोर-व्हील आवृत्त्या निघाल्या आहेत. बोलेरो कॅम्परचे इंजिन जेमतेम ७५ अश्वशक्तीचे, बसणे साधे, आवाज भरपूर; परंतु सुमारे एक टन माल ती कायदेशीरपणे वाहते आणि तिची दुरुस्ती तालुक्याच्या कुठल्याही मिस्त्रीच्या हातची असते.

निवडीचा कस लागतो तो येथे. महागड्या पिकअपला दहा क्विंटल सोयाबीन सहज पेलेल, असे तिचा आकार पाहून वाटते. कागद निराळे सांगतो. खासगी म्हणून नोंदलेल्या पिकअपची वहनक्षमता टनाच्या बरीच अलीकडे थांबते. ती शोधण्यास जाहिरात नको, नोंदणीपुस्तक पुरते: त्यात गाडीचे रिकामे वजन आणि भरलेल्या अवस्थेतील कमाल वजन दोन्ही लिहिलेली असतात. दुसऱ्यातून पहिले वजा करावे, आणि उरलेल्या आकड्यातून चालकासह बसणाऱ्या पाच जणांचे वजन आणखी वजा करावे. हाती येणारा आकडा पाहून अनेक घरांचा विचार बदलेल. मर्यादेपलीकडे माल भरला की मागचे पाटे बसतात, गाडीचे नाक वर होते, पुढच्या चाकांची पकड सुटते; सुकाणू हलके लागणे हे त्या वेळी सुखाचे लक्षण नसून धोक्याचे असते.

खासगी की मालवाहू, हा प्रश्न नोंदणीच्या पाटीच्या रंगापुरता नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पिवळ्या पाटीच्या गाडीस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. महामार्गावरील तिची वेगमर्यादाही कमी, ताशी ८० किलोमीटर. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीस मोटार वाहन कायद्याने परवान्याच्या अटीतून सूट दिली आहे. चालकाच्या लायसन्सविषयीची जुनी धाकधूक ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दूर केली: हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो. ज्याला अडतीवर नियमित माल न्यावयाचा आहे त्याने पिवळ्या पाटीला कमीपणा मानू नये. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याचा माल वाहणे हा नियमभंग तर आहेच, पण अपघात झाला की विम्याचा दावा नाकारण्यास तेच कारण पुरते.

या सर्वांहून गंभीर बाब हौद्यात बसणाऱ्या माणसांची आहे. सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापसाच्या वेचणीला निघालेल्या बायका पहाटे गावाच्या पारावर गोळा होतात आणि पिकअपच्या उघड्या हौद्यात उभ्या राहून वावरात जातात. वऱ्हाडात हे दृश्य कोणाला नवे नाही. परतताना त्याच हौद्यात कापसाची गाठोडी आणि त्यांवर बसलेल्या बायका. 'चारच किलोमीटर जायचे आहे' हे त्याचे नेहमीचे समर्थन. माल वाहणाऱ्या गाडीत भाडे न देता बसलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले ते गाडीतून सोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. मजूर म्हणून नेलेल्या बाईचा हात मोडला, पाय गेला, तर तो भार कागदोपत्री गाडीमालकावर आणि प्रत्यक्षात बहुधा त्या बाईच्या घरावर पडतो. फोर-व्हील गाडीने हा धोका घटत नाही, वाढतो. साधी गाडी जिथे थांबली असती तिथून ती पुढे जाते; ओल्या उतारावर तिरकी होते; खड्ड्यातून झटक्याने वर येते, आणि त्या झटक्याला हौद्यात धरावयास काही नसते.

म्हणून शेतीसाठी पिकअप पाहणाऱ्या घराने आसनांची मोजणी प्रथम करावी. दोन दारांची गाडी स्वस्त पडते आणि तिचा हौदा लांब मिळतो. चार दारांच्या गाडीत हौदा आखूड होतो, पण पाच माणसे छताखाली, पट्टा लावून बसतात. दोन फेऱ्या कराव्या लागल्या तरी माणसे आत आणि माल मागे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तरच तो टिकतो. एकदा 'आजच्या पुरते' म्हणून मोडला की गाडी पुन्हा ट्रॉलीच होते. घरातील तरुण पोरेही हौद्यात उभे राहण्यात मौज मानतात. त्यांना उतरविणे मजुरांना उतरविण्यापेक्षा अवघड जाते, हा निराळा भाग.

गाडीवर खर्च केल्यावर टायरांवर खर्च करण्याचा उत्साह उरत नाही. वास्तविक काळ्या रानात अर्धी करामत टायरांची असते. चिखलासाठी बनविलेल्या टायरांच्या खाचा रुंद व खोल असतात, फिरताना त्या माती झटकून टाकतात. मात्र काँक्रीटवर ते भणभणतात, लवकर झिजतात आणि ओल्या पक्क्या रस्त्यावर थांबण्यास अधिक अंतर घेतात. ज्याची गाडी महिन्यातून चार वेळा नागपूरला जाते आणि पांदणीत वर्षातून पंधरा दिवस, त्याला दोहोंच्या मधले, सर्व वाटांचे टायर बरे. मऊ जमिनीत हवा काहीशी उतरविली की टायर पसरतो, भार अधिक जागेवर वाटला जातो आणि गाडी रुतत नाही. ही युक्ती उत्तम. पण हवा पुन्हा भरण्याचा छोटा पंप गाडीत नसेल तर ती करूच नये. कमी हवेचा टायर वेगाने धावताना सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो. शेतातून निघून तासाभरात समृद्धीवर चढणाऱ्या गाडीसाठी हा धोका काल्पनिक नाही.

समृद्धीवरच आणखी एक गोष्ट अनुभवास येते. ऐंशीच्या पुढे सुकाणू थरथरू लागते, चालक चाकांची अलाइनमेंट बिघडली म्हणून चिंतेत पडतो. पुष्कळदा दोष असतो तो चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळलेल्या काळ्या मातीचा. किलोभर माती एका बाजूला बसली की चाकाचा तोल जातो. पांदणीतून आल्यावर बाहेरून गाडी धुतली जाते, आतून नाही. रिम, पाट्यांमधील फटी, ब्रेकच्या चकत्या आणि रेडिएटरची जाळी यांवर पाण्याचा फवारा मारणे हे गाडी चकाकविण्यापेक्षा महत्त्वाचे. सोंगणी-मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा रेडिएटरच्या जाळीत असा बसतो की इंजिन विनाकारण तापू लागते.

गाडी फसलीच तर काय? जोर लावू नये, हे पहिले. चाकापुढची माती फावड्याने दूर करून पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या अंथराव्यात, फोर-एल घ्यावी आणि अगदी सावकाश निघावे; हा उपाय वावरातच, फुकट मिळतो. ट्रॅक्टरने ओढण्याची वेळ आली तर दोर गाडीच्या ओढ-आकड्यालाच बांधावा. बंपर, आस किंवा पाट्याला बांधलेली साखळी सुटली वा तुटली, की ती चाबकासारखी मागे येते. ओढताना भोवती गर्दी जमते, सल्ले देणारे साखळीच्या रेषेत उभे राहतात. त्यांना दोराच्या लांबीहून अधिक दूर हटविल्याशिवाय ट्रॅक्टरला पहिला गिअर टाकू देऊ नये.

नाल्याच्या पुराची गोष्ट याहून वेगळी. पुलावरून पाणी वाहत असताना 'फोर-व्हील आहे, निघेल' हा विश्वास जिवावर बेततो. वाहते पाणी गाडीला ढकलते आणि उचलते; चाकांचा जमिनीशी संबंध सैल झाला की किती चाकांना ओढ आहे हा प्रश्न उरत नाही. दोन फूट वाहत्या पाण्यात दोन टनांची पिकअपही वाहून जाऊ शकते. काळ्या पाण्याखाली पुलाचा कठडा आहे की खचला आहे, हे दिसत नाही ते निराळेच. अशा वेळी घरी फोन करून अलीकडच्या गावात थांबणे एवढेच करावयाचे असते. संथ, उथळ पाण्यातून गाडी नेली असेल तर दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफरन्शियलचे तेल पाहावे. ते ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले आहे.

ज्या चार महिन्यांत ही गाडी सर्वाधिक लागते, त्याच चार महिन्यांत वाटेवरील जीवजंतूंचा विचार करून साधुसंघ वर्षायोगासाठी एका गावी स्थिरावतात. वर्षायोग संपून विहार सुरू झाला की समाजात पिकअपचा निराळा उपयोग दिसतो: चौक्याचे साहित्य, पाण्याची भांडी, चटया घेऊन ती पुढच्या मुक्कामी जाते. विहाराच्या वाटेवर वाहनांचा धोका मोठा असतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात पायी चालणाऱ्या संघाच्या मागे, पुरेसे अंतर राखून, चारही इशाऱ्याचे दिवे लावलेली आणि मागे परावर्तक पट्ट्या असलेली एक उंच गाडी सावकाश चालत राहिली, तर भरधाव ट्रकचालकाला ती दुरून दिसते. या कामाला फोर-व्हील लागत नाही. जुनी, साधी पिकअप पुरते. लागतो तो झोप पुरी झालेला चालक.

कारंज्याच्या परिसरात रात्री गाडी चालविणाऱ्याने आणखी एका शेजाऱ्याची जाणीव ठेवावी. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटरचे आहे. कळपांना त्याची हद्द ठाऊक नसते, ते शेतांतून फिरतात. पिकअपचे दिवे उंचावर असतात, त्यावर काही हौशी लोक आणखी प्रखर दिवे बसवितात. प्रकाशाने दिपलेले जनावर पळण्याऐवजी जागीच थबकते. माळरानावरून वाट सोडून गाडी घालणेही टाळावे. पावसाळ्यात ओल्या गवताळ जमिनीवर उमटलेली चाकोरी वर्षभर बुजत नाही, आणि पुढच्या पावसात तिचीच घळ होते.

घरी गाडी उभी करण्याचा प्रश्न तसा किरकोळ, पण रोजचा. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्ही सव्वापाच मीटरहून लांब आहेत. जुन्या पेठेतील मंदिरांच्या आसपासच्या गल्ल्यांत ती एका दमात वळत नाही. वळण घेताना समोरच्या घराच्या ओट्याशी बोलणी करावी लागतात. गाडी घेण्यापूर्वी आपल्या गल्लीचे तोंड दोरीने मोजलेले बरे.

बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत धुराच्या नळीत काजळी अडविणारी एक गाळणी असते. घर ते वावर, वावर ते घर अशा पाच किलोमीटरच्या संथ फेऱ्यांत ती तापत नाही, काजळी जळत नाही आणि एक दिवस गाडीची ताकद अचानक कमी होते. आठवड्या-पंधरवड्यातून अर्धा तास एकसारख्या वेगाने महामार्गावर चालविली की गाळणी स्वच्छ राहते. कारंज्याची गाडी या बाबतीत नशीबवान म्हणायची.

मग ही गाडी कोणी घ्यावी? जून ते ऑक्टोबर या काळात शेताची वाट किती दिवस बंद होते, याची गेल्या दोन पावसाळ्यांची मोजणी घरात एकत्र बसून करावी. तो आकडा दहा-बारा दिवसांचा असेल, तर लाखो रुपये अधिक मोजण्यापेक्षा साधी पिकअप आणि गरजेच्या दिवशी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर हेच शहाणपणाचे. अडचण पांदणीच्या शेवटच्या दोनशे मीटरांचीच असेल, तर बांधाशेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून तेथे मुरूम टाकणे गाडीपेक्षा स्वस्त पडते, आणि त्याचा लाभ बंडीलाही होतो, आजारी माणसाला आणणाऱ्या रुग्णवाहिकेलाही. शासनाची शेत-पांदण रस्त्यांची योजना आहे. तिच्या मागे लागण्यास चिकाटी हवी एवढेच. मात्र ज्यांची संत्र्याची बाग किंवा दुधाची जनावरे पांदणीच्या पलीकडे आहेत आणि ज्यांना पावसातही दररोज जावेच लागते, त्यांच्यासाठी फोर-व्हील हा शौक नाही. तेथेही साधी, टनभर माल वाहणारी, चार दारांची गाडी बहुतेकांची गरज भागविते; ३० लाखांची गाडी घेणाऱ्याने ती प्रवासासाठी घेतली आहे, हे स्वतःशी मान्य करावे.

जुनी गाडी पाहत असाल, तर विकणाऱ्याच्या दारातील सिमेंटवर तिची परीक्षा होत नाही. मोकळ्या मातीच्या जागी नेऊन फोर-एच आणि फोर-एल दोन्ही लावून पाहाव्यात, दोन्ही दिशांना वळवावे, पुढच्या आसातून करकर येते का ऐकावे, खाली वाकून तेलाचा ओघळ पाहावा. पुष्कळ गाड्यांत हा दांडा वर्षानुवर्षे हलविलेलाच नसतो आणि नेमका पहिल्या पावसात तो अडकतो. दिवाळीनंतर वाट वाळली तरी पंधरा दिवसांतून एकदा, शेताच्या मऊ मातीत, थोडे अंतर चारही चाके जोडून गाडी चालवावी. आतले तेल सगळीकडे फिरते आणि जूनमध्ये दांडा एका हाताने पडतो.